चौतीस अंगठे

जून आला की माझं डोकं फिरायला लागतं. शाळेत नावं घालायला बाया येतात, पोरीला पुढं ढकलतात, मी टाक शाईत बुडवते आणि विचारते, "बापाचं नाव?" झालं. बाई खाली बघते. मग शेजारणीकडं बघते. शेजारीण तोंडावर पदर घेऊन हसते. मागं वीस जणींची रांग, वर पत्रा तापलेला, आणि मी टाक हातात धरून बसलेली. टाकाची शाई वाळते तरी नाव काही निघत नाही. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे त्यांच्या आयांनी त्यांना सांगितलंय आणि त्या आयांना त्यांच्या आयांनी.

मी शिवबाई जोतीराम ननवरे, गिरणीच्या चाळींमागच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. वय तेवीस. लग्नाचं विचारू नका, तो माझा वेगळा राग आहे. ज्या शाळेत मी शिकवते तिथंच शिकले, आणि ती शाळा आज उभी आहे ती माझ्या आईमुळं. आईचं नाव बजाबाई. तिचं हे जे लिहितेय ते कुणी मागितलं म्हणून नाही. माझ्या पोटात ते बारा वर्षं राहिलंय आणि आता राहवत नाही.

आई गिरणीत रिळं भरायच्या खात्यात होती. अंगानं काटकुळी, आवाज मात्र खणखणीत, कारण खात्यात यंत्रांच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. ती घरीही तसंच बोलायची. चाळीतल्या बाया तिला बजाआक्का म्हणायच्या. कुणाच्या घरात भांडण लागलं, कुणाचं पोर तापलं, नळावर कुणी पाळी मोडली, की "आक्काला बोलवा". आक्का यायची, दोघींनाही चार शब्द सुनवायची आणि जायची. लिहिता-वाचता तिला अजिबात येत नव्हतं. हजेरीचं तिकीट ती उलटं धरायची, आणि मुकादमीण हसायची. ते हसणं आईच्या मनात फार खोल गेलं होतं. त्यामुळं मला शाळेत घालताना तिनं घरात कुणाला विचारलं नाही.

एकोणीसशे सव्वीस साल. संक्रांतीची, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. मी तिसरीत होते. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक बाई आणि बसायला फाटकी तट्टं. एक दिवस दारावर कागद डकवलेला दिसला. संध्याकाळी गिरणी सुटल्यावर मी आईला हाताला धरून तिथं नेलं आणि कागद वाचून दाखवला. मुली रोज येत नाहीत, पटावर नावं आहेत पण तट्टं रिकामी आहेत, तरी शाळा एकतीस मार्चला बंद करून मुलींना रुळापलीकडच्या शाळेत सामील करण्यात येईल. तीस पालकांनी वर्षभर मुली पाठवण्याची लेखी हमी पंधरा फेब्रुवारीच्या आत कचेरीत दिली तर विचार केला जाईल.

"परत वाच," आई म्हणाली.

मी परत वाचलं. ती कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होती.

रुळापलीकडं म्हणजे मालगाड्यांच्या खालनं पोरी पाठवायच्या. कोण पाठवणार होतं? कागद लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असणार. मुली रोज का येत नाहीत हे विचारायला मात्र कुणी आलं नव्हतं. आया-बाप दोघं गिरणीत गेल्यावर धाकटं पोर सांभाळायचं कुणी? पोरींनीच की. मी सुद्धा आठवड्यातनं दोन दिवस दांडी मारायची, धाकट्या भावाला काखेत घेऊन.

आईनं पहिलं काम ते केलं. आमच्या चाळीत पार्वतम्मा म्हणून एक कानडी बाई होती, अक्कलकोटच्या बाजूची. तिची सासू म्हातारी, डोळ्यांनी अधू, पण पोरं सांभाळण्यात एकदम पक्की. आईनं ठरवून टाकलं की सगळ्या चाळीची तान्ही आणि रांगती पोरं दिवसभर म्हातारीच्या ओसरीवर ठेवायची, आणि रोज आळीपाळीनं एका घरानं म्हातारीची भाकरी करायची. चार दिवसांत शाळेची तट्टं भरली. बाईंनी हजेरी घेताना दोनदा मोजलं.

दुसरं काम हमीचं. ते मात्र पुरुषांकडं गेलं पाहिजे असं आईला वाटलं, कारण पालक म्हणजे बाप. ती घरोघर हिंडली. एकानं सांगितलं, कचेरीच्या कागदावर सही केली की पुढं काय निघंल त्याचा नेम नाही. दुसऱ्यानं सांगितलं, पोरीला शिकवून ती काय कलेक्टर होणार हाय? मथुराबाई आमच्या शेजारची, तिचा नवरा मानसिंग, मोठा तालीमबाज गडी, तो म्हणाला, "बजाआक्का, तुमचं तुमी बघा. आमाला त्यात ओढू नगा." आमच्या आबांनी तर नेहमीचंच केलं. मान हलवली, विडी पेटवली आणि बाहेर जाऊन बसले. आबा वाईट नव्हते. पण एखादी गोष्ट आपल्या अंगावर न येता झाली तर बरी, असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं, आणि मला त्याचा संताप येतो, अजून येतो.

तेव्हा आई कचेरीत गेली. कारकुनानं सांगितलं, नाव बापाचं लागेल, अंगठा आईनं दिला तरी चालेल, बाप कामावर असतो हे आम्हाला माहीत आहे. बायांनी मात्र तपासणीला समक्ष यायचं. आई घरी आली ती हसतच. "बापाचं नाव, आयचा अंगठा. मग तर झालंच की."

मी चाळीतली सगळ्यात चांगल्या अक्षराची. मास्तरीणबाईंना वरून ताकीद होती की या भानगडीला हात लावायचा नाही, म्हणून लिहायचं माझ्याकडं आलं. आईनं वाण्याकडनं दोन मोठे कागद आणले. एक चुकला तर दुसरा असावा म्हणून. तो दुसरा कागद लक्षात ठेवा.

रविवारी दुपारी बाया आमच्या खोलीत जमल्या. चौतीस जणी. मी पेटीवर कागद पसरला, मथळा लिहिला, आकडे घातले आणि पहिल्या आकड्यावर टाक ठेवून म्हटलं, "सांगा." मथुराबाई पुढं होती. ती माझ्याकडं बघून लाजली. पस्तिशीची बाई, तीन लेकरांची आई, आणि लाजली.

"आगं मी कसं सांगू?"

मग पार्वतम्मा, तीही तशीच. मग खातूनबी. ती आईच्याच खात्यात तिच्या शेजारी रिळं भरायची, तिची जमीला माझ्या वर्गात होती. खातूनबी म्हणाली, "जमीला के अब्बा लिखो ना बेटी. सबको मालूम है." एकमेकींच्या घरचं पाणी न पिणाऱ्या बाया या एका बाबतीत मात्र एकदम एक होत्या. कुणाचा 'धोंडूचा बा', कुणाचे 'आमचे हे', कुणाचा 'घरधनी'. असल्या कागदावर कोण हमी मानणार होतं?

आईच्या डोक्यातनं तोड निघाली. "आपल्या दादल्याचं न्हाय घेता येत. दुसरीच्याचं घ्यायला काय होतंय? मथुरा, तू पार्वतीच्या मालकाचं सांग. पार्वती, तू खातूनच्याचं सांग. खातून माझ्याचं सांगंल. असंच पुढं."

खोलीत हशा पिकला. मग नावं धडाधड यायला लागली. मथुराबाईनं सांगितलं, "वीरभद्रप्पा." ते पार्वतम्माच्या नवऱ्याचं नाव, मी एक नंबरला लिहिलं. पार्वतम्मानं सांगितलं, "चांदसाब." ते खातूनबीच्या नवऱ्याचं, मी दोन नंबरला लिहिलं. खातूनबीनं "जोतीराम" म्हणून आईकडं बघत डोळा मारला. असं करत करत शेवटची, चौतिसावी, तिनं सांगितलं मथुराबाईच्या मानसिंगचं. आज वाटतं, पोरींनाच बापाची नावं विचारली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण ते त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही. मला तर नाहीच, कारण मला माझ्या अक्षराशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. वळणदार, रेघेला लागून, एकाही काना-मात्रेला डाग नाही.

अंगठे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घेतले. आईनं चिंधीला शाई लावली. मी बाजूला उभी, कुणी कागद बरबटवू नये म्हणून. मथुराबाई आली, म्हणाली, "मी पयली बोलले, माझा नंबर पयला." आईनं तिचा अंगठा एक नंबरसमोर दाबला. पार्वतम्मा दुसरी बोलली होती, तिचा अंगठा दोन नंबरसमोर. जी जशी बोलली होती तसा तिनं अंगठा दिला. चौतीस अंगठे, एकाखाली एक. बाया आपापल्या अंगठ्याकडं बघत राहिल्या, काहींनी तो पदराला पुसलाच नाही.

सकाळी कागद गुंडाळायला घेतला. कचेरी अकराला उघडणार होती, आणि चौतीसही जणींनी त्या दिवसाचा खाडा केला होता. मुकादमिणीनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं की उद्या येणार नाहीत त्यांनी परवाही यायची गरज नाही; ती धमकी पुढं खरी झाली नाही, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. गुंडाळण्याआधी मी कागद एकदा स्वतःसाठी वाचला, अक्षर बघायला. एक नंबर, वीरभद्रप्पा. आणि समोरच्या अंगठ्यावर आडवी चीर. ती चीर मथुराबाईची. लहानपणी विळ्यानं कापलेला अंगठा, सगळ्या चाळीला माहीत.

मथुराबाईचा नवरा वीरभद्रप्पा नव्हे. मी दोन नंबर बघितला. मग तीन. खाली खाली सरकत गेले. प्रत्येक अंगठा दुसरीच्या नवऱ्यासमोर.

मला सगळं समजलं होतं. मी अकरा वर्षांची होते, तान्ही नव्हते. दुसरा कागद पेटीत होता. आई मोरीवर भांडी घासत होती, हाक मारायची तेवढी राहिली होती. मी हाक मारली नाही. इतकं चांगलं लिहिलेलं फाडायचं, पुन्हा चौतीस नावं लिहायची, आईची एक चपराक खायची. आणि वाटलं, अंगठे तर सगळे सारखेच दिसतात, कोण बघतंय. मी कागद गुंडाळला आणि दोरा बांधला.

कचेरीत आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. बाकावर पुरुष बसलेले, बाया ओळीनं भिंतीशी उभ्या. कारकून चष्मा लावून कागद बघत होता. अक्षर बघून म्हणाला, "कुणी लिहिलंय?" आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "छान." तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

"नंबर एक कोण?"

मथुराबाई पुढं झाली.

"वीरभद्रप्पा तुझा नवरा?"

मथुराबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग ती म्हणाली, "तोंड सांभाळा सायेब. त्यो हिचा हाय." आणि तिनं पार्वतम्माकडं बोट केलं.

कारकुनानं चष्मा वर सारला. "नंबर दोन."

पार्वतम्मा पुढं गेली.

"तुझा नवरा चांदसाब?"

"अय्यो शिवने," पार्वतम्मा म्हणाली आणि भिंतीला टेकली.

बाकावरचे पुरुष हसायला लागले. कारकुनानं आणखी चार नंबर पुकारले. प्रत्येक वेळी तेच. त्यानं कागद बाजूला ठेवला. "ही हमी खोटी आहे. घरी जा."

आई पुढं गेली. "खोटी न्हाय सायेब. वळ चुकलीय. हिचं हितं आन तिचं तितं झालंय."

"कुणाचं कुठं झालंय ते मला कसं कळणार?"

"आमी सांगतो की. ह्या हिच्या मालकाचं नाव..."

"शेजारणीनं सांगितलेलं चालणार नाही. त्यानंच तर हा घोळ झालाय." तो शांतपणे बोलत होता, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यामुळं अजून चीड येते. "आज मुदतीचा शेवटचा दिवस. जिनं तिनं आपल्या नवऱ्याचं नाव आपल्या तोंडानं सांगावं, मी नवी यादी करतो. तीस झाली तर शाळा राहील. पाच वाजता कचेरी बंद."

मी आईच्या पदराआड उभी होते. त्या क्षणी मी म्हणू शकले असते की मी लिहिलंय, चूक माझी आहे, मला सगळी नावं येतात. कदाचित त्यानं ऐकलं नसतं. पण मी म्हटलंच नाही.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मथुराबाईला वाट सापडली. लग्नात, हळदीकुंकवात उखाण्यात घालून नाव घेतलेलं चालतं, त्याला दोष नाही. तिनं पदर सावरला, मान खाली घातली आणि म्हणाली,

"काळ्या पाटीवर पांढरं अक्षर, मानसिंगरावांचं नाव घेते सायबांच्या समोर."

कारकून हसला. लिहून घेतलं त्यानं, पण हसला, आणि आतल्या खोलीतल्या दुसऱ्या कारकुनाला हाक मारली, "अहो, या बाहेर, ऐका." तो आला. मग शिपाई आला. मग आणखी दोघं. दुसऱ्या बाईनं उखाणा घेतला, तिसरीनं घेतला. दारात पुरुषांची गर्दी झाली. एक जण म्हणाला, "आणखी एक होऊन जाऊ द्या." पार्वतम्मानं कानडीत नाव घेतलं तर कारकून म्हणाला, "हे कळलं नाही, मराठीत घे." तिला मराठीत जुळवता येईना, ती अडखळली, आणि दारातले सगळे फिदीफिदी हसले. खातूनबीला तर उखाणाच माहीत नव्हता. ती बुरख्याचं टोक दातात धरून उभी राहिली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्याकडं बघूनही कुणीतरी म्हणालं, "लाजतीय."

"पुढची," कारकून म्हणाला. आईची पाळी होती. "हं, बजाबाई. तुमचा तर झकास असणार. होऊ द्या."

आईनं दाराकडं बघितलं. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग कारकुनाकडं वळली.

"जोतीराम आप्पा ननवरे."

उखाणा नाही, राव नाही, काही नाही. नुसतं नाव. कारकुनाचा टाक थांबला. "काय? मोठ्यानं सांगा."

मला ठाऊक आहे, त्याला पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं. माझ्या आईचा आवाज भिंतीपलीकडं जातो.

"जोतीराम," आई गिरणीतल्या आवाजात म्हणाली, "आप्पा. ननवरे. माझा दादला. लिवा." मग दाराकडं वळून, "झाली करमणूक? जावा आता कामाला."

एकेक जण गेला. आई भिंतीशी उभ्या बायांकडं वळली. "मी घेतलंय," ती म्हणाली. "आता जे व्हायचं ते माझं होईल. घ्या."

खातूनबी पुढं आली. "चांदसाब," ती म्हणाली, आणि रडली. मग पार्वतम्मा, "वीरभद्रप्पा," सरळ मराठी कागदावर. मग एकेक. कुणी पुटपुटत, कुणी डोळे मिटून, कुणी नाव घेऊन लगेच कानाला हात लावत. तिघी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत आणि तशाच घरी गेल्या. त्यातली एक पुढं आईशी कधी बोलली नाही. एकतीस नावं झाली. पाचला दहा मिनिटं कमी असताना कारकुनानं कागदावर शिक्का मारला.

शाळा राहिली.

संध्याकाळची गोष्ट आता सांगते. कचेरीतली बातमी आमच्या आधी गिरणीत पोचली होती. आबा घरी आले, पागोटं खुंटीला अडकवलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. तुटले धागे सांधायच्या त्यांच्या खात्यात दिवसभर त्यांना चिडवलं होतं, "जोतीबा, तुमच्या नावाचा पुकारा झाला म्हणं कचेरीत." आईनं ताट वाढलं. त्यांनी ते सरकवलं.

"पोरीच्या शाळेपायी मला खाल्लंस," आबा म्हणाले.

माझी आई, जी नळावरच्या दहा बायांना गप्प करायची, ती काहीही न बोलता ताट उचलून आत गेली. मी कोपऱ्यात पाटी घेऊन बसले होते. आठ दिवस आबा तिच्याशी बोलले नाहीत. पहिला सोमवार आला तसा आईनं सिद्धेश्वराचा उपास धरला, कडक, पाणीसुद्धा दिवस मावळल्यावर. आणि तो उपास तिनं कधी सोडला नाही.

चार वर्षांनी आबा गेले. फार खोकायचे. त्यांच्या छातीत कापूस बसला होता. त्यांच्या खात्यातले त्याच वर्षी आणखी दोघं गेले आणि त्यांच्या बायकांनी नाव कुठं घेतलं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला स्पष्ट सांगितलं, मी तेव्हा सातवीत होते, मला कळत होतं. मी ते आईला सांगितलं. दहादा सांगितलं. ती ऐकून घ्यायची. मग चाळीतली कुणीतरी भेटायला यायची, बसायची, उसासा टाकायची, "नाव घेतलं व्हतंस ना गं कचेरीत," आणि आई मान हलवायची, "व्हय. घेतलं व्हतं." मला त्या बायांना घराबाहेर काढावंसं वाटायचं. ज्यांच्या पोरी तिच्यामुळं शाळेत जात होत्या त्याच या बाया. त्यांच्यावर किती राग करायचा? त्या तरी काय करतील?

मी सातवी पास झाले आणि त्याच शाळेत लागले. आईला आता गिरणीत जावं लागत नाही. ती दुपारी शाळेच्या ओसरीवर येऊन बसायची. नळाला पाणी आलं की मडकी भरायची, पोरींची भांडणं सोडवायची. पोरी तिला शाळेची आजी म्हणायच्या.

गेल्या आठवड्यात नावं घालणं चाललं होतं. एक नवी सून आली, धाकट्या नणंदेचं नाव घालायला आलेल्या सासूबरोबर. सासू नाव घेईना, आणि सून सासऱ्याचं कसं घेणार? मागं रांग. माझा तोल गेला. मी टाक आपटला. "सांगा की एकदा. काय होतंय नुसतं नाव घेतल्यानं? मरतंय का कुणी?"

ओसरीवरनं आईचा आवाज आला. "शिवे."

मी वळले.

"काय होतंय ते मला इचार," ती म्हणाली. मग सासूला म्हणाली, "तुमच्या शेजारणीला सांगू द्या वैनी. ही नीट लिवंल. नीट लिव्ह गं."

त्या 'नीट लिव्ह'नं मला काय झालं ते सांगता येत नाही. शाळा सुटली, पोरी गेल्या, आई ओसरीवर तट्टं गुंडाळत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. सगळं. मथुराबाईच्या अंगठ्याची चीर, दुसरा कागद, मोरीवरचा भांड्यांचा आवाज. मला वाटलं होतं, सांगितलं की तिच्या डोक्यावरचं उतरेल. नाव घ्यावं लागलं ते माझ्या चुकीमुळं, तिच्यामुळं नाही. माझ्या डोक्यात ते असं होतं.

आईनं तट्ट गुंडाळायचं थांबवलं.

"सकाळी दिसलं तुला?"

"व्हय."

"म्या कुटं व्हते?"

"मोरीवर."

मग म्हणाली, "चौतीस नावं परत लिवायला किती येळ लागतो?"

"अर्धा तास."

"आन अंगठे घ्यायला?"

"तेवढाच."

ती माझ्याकडं बघत नव्हती, रस्त्याकडं बघत होती. तिचा तो खणखणीत आवाज एवढा खाली आला की मला पुढं वाकावं लागलं.

"कचेरी अकराला उघडायची की, शिवे."

एवढंच बोलली. तट्ट गुंडाळून झालं, तिनं ते कोपऱ्यात नेऊन ठेवलं, चप्पल घातली आणि घरी गेली. रात्री जेवण वाढलं, माझ्याशी बोलली, भाजी कशी झालीय ते विचारलं. रागावली नाही. एक शब्द लावला नाही. सोमवारी उपास केला.

मी रोज शाळेत जाते. पट यंदा एकसष्ट झालाय, दोन खोल्या पुरत नाहीत. पोरी विचारतात, शाळेची आजी कुठं गेली. आई आता ओसरीवर येत नाही.